आमची वाटचाल : सातपूरचा गाळा आणि 10 जीबीची भिंत

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती कॉम्प्युटर दुरुस्तीनं. आसपासच्या वर्कशॉपमध्ये जाऊन विंडोज टाकायचं, टोनर भरायचा, लॅनची वायर ओढायची. सॉफ्टवेअर डोक्यातही नव्हतं.

ते डोक्यात घातलं एका ग्राहकानं. त्यांचे ब्रॅकेटचे 400 नग रिजेक्ट होऊन परत आले होते. ऑपरेटरनं काम चोख केलं होतं, पण जुन्या ड्रॉइंगवर. सर्व्हर उघडला तर त्या एका पार्टच्या चार फाइली : ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल 2’, ‘हेच घ्या’. आणि खरी रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची शेवटची सुधारित आवृत्ती, डिझाइनवाल्या पोराच्या डेस्कटॉपवर! मालक म्हणाले, “दादा, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? मग यावर काहीतरी करा की.”

फोल्डरची मूळ अडचण अशी, की तो फाइलला एकच पत्ता देतो. ड्रॉइंग ग्राहकाच्या फोल्डरमध्ये ठेवलं की मशीनवरून सापडत नाही; दोन्हीकडं कॉपी ठेवली की दुरुस्ती एकीकडंच होते. फाइल सिस्टिमला, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवणाऱ्या व्यवस्थेला, नाव, आकार, तारीख एवढंच ठाऊक. पार्ट नंबर, मटेरियल, कुठली रिव्हिजन चालू, हे तिच्या गावीही नसतं. डेटाबेसला मात्र यातलं काहीही विचारा.

हा विचार काही आमचा नव्हे. बीओएस नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमनं नव्वदच्या दशकातच फाइलला गुणधर्म जोडून त्यावर शोध घ्यायची सोय दिली होती. मायक्रोसॉफ्टनं 2003 मध्ये विनएफएस हे डेटाबेसच्या पायावर फाइली ठेवणारं तंत्र दाखवलं, 2004 मध्ये ते पुढच्या विंडोजमधून वगळलं आणि 2006 मध्ये स्वतंत्र प्रॉडक्ट म्हणूनही गुंडाळलं. तिथंच आम्ही शहाणं व्हायला हवं होतं. पण उत्साह दांडगा. आम्ही ड्रॉइंगसकट सगळं डेटाबेसमध्ये कोंबलं.

पहिले काही महिने छान गेले. ऐन सेव्ह करताना लाइट गेली तरी अर्धवट फाइल उरत नव्हती. व्यवहार पूर्ण नाही म्हटल्यावर डेटाबेस आधीची स्थिती परत आणायचा. मग एक दिवस नवीन काही सेव्हच होईना. डेटाबेसच्या आमच्या फुकट आवृत्तीची मर्यादा 10 जीबी, आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ नि थ्रीडी मॉडेलांनी ती गाठली होती. त्याहून वाईट म्हणजे कॅडला, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरला, डिस्कवरची फाइल लागते. म्हणून आम्ही तात्पुरती कॉपी काढून द्यायचो आणि लोक दुरुस्ती त्या कॉपीतच सेव्ह करायचे. संध्याकाळी सफाई चालली की दिवसभराचं काम गायब. फोनवर खाल्लेल्या शिव्या इथं लिहीत नाही.

पुढं मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांचा 2006 चा लेख हाती लागला. त्यांच्या चाचण्यांत 256 केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये बऱ्या, 1 एमबीच्या वरच्या फाइल सिस्टिममध्ये. आमची मॉडेलं तर कित्येक एमबींची! मग मांडणी उलटी केली. फाइल डिस्कवर, तिची कुंडली डेटाबेसमध्ये. छोटी चित्रं तेवढी आत. डिस्कवर फाइलचं नाव म्हणजे तिच्या मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणितानं काढलेला ठसा. त्यामुळं मजकूर बदलला की नाव बदलतं आणि जुनी फाइल जागेवर राहते. तो फोल्डर थेट उघडायची परवानगी कुणालाच नाही, मालकांनाही नाही. यावरून एकदा बराच वाद झाला. बॅकअपमध्ये आधी डेटाबेस, मग फाइली. क्रम उलटा केला तर डेटाबेसमध्ये नोंद आहे पण फाइलच नाही, अशी पंचाईत होते. हेही आम्ही करूनच शिकलो.

आज सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये जॉबकार्डावरचा बारकोड मारला की चालू रिव्हिजन पडद्यावर येते. त्या 400 नगवाल्यांकडंही हेच आहे. तरी तिथले स्टोअरचे काका ड्रॉइंगची प्रिंट प्लॅस्टिकमध्ये घालून ड्रॉवरमध्ये ठेवतातच. म्हणून आता प्रत्येक प्रिंटवर रिव्हिजन आणि छापल्याची तारीख आडवी, ठळक उमटते. काका म्हणाले, “अक्षर अजून मोठं करा.” केलं.