पुढे तीन लिंक, मागे चार

माझ्या ट्रकचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढायचे हे एका दगडी चढणीवर ठरले. पहिल्या गिअरमध्ये जरा जोर दिला की मागची चाके पकड घेत, पाटे पिळवटत, डिफरेन्शियलचे (ॲक्सलच्या मधल्या गिअर-पेटीचे) नाक वर उचलले जाई आणि पीळ सुटताच मागचे सगळे धूड थडाथड उड्या मारू लागे. दोष पाट्यांच्या दर्जाचा नव्हता. वजन पेलणे आणि ॲक्सल जागेवर धरून ठेवणे अशी दोन कामे आपण एकाच पाट्यावर सोपवतो, आणि चालीसाठी तो मऊ करावा तर धरून ठेवण्यात तो कमी पडतो. लिंक सस्पेन्शनमध्ये ही कामे वेगळी होतात. स्प्रिंगने फक्त भार घ्यायचा आणि ॲक्सलला दांड्यांनी, म्हणजे लिंकनी, धरायचे.

यापुढचा प्रश्न किती दांड्या, हा. बहुतेक जण तो चाक किती खाली लोंबेल यावरून सोडवतात. मी तो स्टीअरिंगवरून आणि इंजिनच्या तळाशी उरलेल्या जागेवरून सोडवला.

पुढे सर्वांत सोपा पर्याय रेडियस आर्मचा, म्हणजे ॲक्सलपासून चॅसीपर्यंत जाणाऱ्या दोन भक्कम दांड्यांचा. १९७० सालच्या पहिल्या रेंज रोव्हरला पुढे तेच होते आणि रस्त्यावर ते उत्तम वागतात. मात्र प्रत्येक आर्म ॲक्सलला दोन बुशांवर पकडत असल्यामुळे एक चाक वर आणि दुसरे खाली जाऊ लागले की अख्ख्या ॲक्सलला पीळ बसू पाहतो आणि तो सोसता सोसता बुश चेपत जातात. दगडांत फिरवायच्या ट्रकसाठी मला ते नको होते. वरच्या दोन दांड्या तिरक्या ठेवून ॲक्सलपाशी जवळ आणणारी चार लिंकची रचना पुढेही मोहात पाडते, कारण तिला पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा चॅसीपासूनचा आडवा दांडा, लागत नाही. पण त्या दांड्या नेमक्या जिथून जायला हव्यात तिथे इंजिनचा सम्प, म्हणजे तळातले तेलाचे भांडे, लोंबत होता.

जागा असती तरी मी ती रचना पुढे घेतली नसती. माझ्या ट्रकचा स्टीअरिंग बॉक्स चॅसीवर आहे आणि तिथून ड्रॅग लिंक, म्हणजे स्टीअरिंगची ओढ चाकांकडे नेणारी दांडी, ॲक्सलकडे जाते, म्हणजे चाक वर-खाली होताना तिचे टोक कमानीत फिरणार. ॲक्सल सरळ वर जाऊ लागला तर हात न लावता स्टीअरिंग फिरेल. पॅनहार्ड रॉड मात्र ॲक्सललाही तशाच कमानीत नेतो. ९० सेंटिमीटरचा रॉड मुळात आडवा असेल आणि ॲक्सल १५ सेंटिमीटर वर गेला, तर तो सुमारे सव्वा सेंटिमीटर बाजूला सरकतो. ड्रॅग लिंक त्याला समांतर आणि जवळजवळ तेवढ्याच लांबीची असली की तीही तितकीच सरकते आणि हातातले चाक स्थिर राहते. म्हणून पुढे तीन लिंक, दोन खाली आणि एक वर, आणि सोबत पॅनहार्ड रॉड घेतला. पूर्ण हायड्रॉलिक स्टीअरिंग असणाऱ्यांना ही अडचण नाही, पण तो ट्रक मग मुख्यतः दगडांतलाच होतो.

मागे स्टीअरिंग नाही आणि जागा भरपूर, म्हणून तिथे तिरक्या दांड्यांची चार लिंक घेतली. खरा वेळ गेला तो वरच्या आणि खालच्या दांड्यांमधले अंतर ठरवण्यात. खालची दांडी ॲक्सलला जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर आणि वरची तिच्याहून २२ सेंटिमीटर उंच धरली, दोन्ही आडव्या मानल्या आणि टायर जमिनीला १,००० किलोचा रेटा देतो असे गृहीत धरले, तर खालच्या जोडीवर सुमारे २,८०० आणि वरच्या जोडीवर उलट दिशेने १,८०० किलोचे बल येते. तेच अंतर १५ सेंटिमीटर केले की आकडे साधारण ३,६७० आणि २,६७० होतात. पुढच्या तीन लिंकमध्ये वरची दांडी एकटीच असते, त्यामुळे तिच्या वाट्याचे सगळे बल एकाच ब्रॅकेटवर येते. मी ते ब्रॅकेट जाड पत्र्याचे केले आणि आतून आडवी पट्टी दिली.

चॅसीच्या बाजूला वरच्या दांड्यांसाठी एकाखाली एक तीन भोके ठेवली आहेत. जोर देताना ट्रक मागे किती बसावा, हे दांड्यांच्या उतारावर ठरते, आणि गुरुत्वमध्याची उंची मी अंदाजानेच धरलेली असल्यामुळे कागदावरच्या एका आकड्यावर विसंबणे मला बरे वाटले नाही. दांड्यांच्या टोकांना एकीकडे उजवे आणि दुसरीकडे डावे आटे आहेत, म्हणजे दांडी न काढता, नुसती फिरवून लांबी आणि तिच्याबरोबर पिनियनचा (डिफरेन्शियलच्या नाकातल्या गिअरचा) कोन बदलता येतो.

पक्के वेल्डिंग करण्याआधी सगळे नुसते वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांवर ठेवले, स्प्रिंग काढल्या आणि जॅकने एकेक चाक शेवटच्या टोकापर्यंत वर नेले. मागे सारे सुरळीत फिरले. पुढे मात्र डावे चाक पूर्ण वर आणि उजवे पूर्ण खाली असताना वरची दांडी सायलेन्सरच्या नळीला टेकली. सरळ वर नेताना तिथे बोटभर फट दिसत होती. नळी वळवून घेईपर्यंत ते ब्रॅकेट चार टाक्यांवरच आहे.