मंगळवारचे ठिपके

आमचं अ‍ॅप हवामानाचं. चाचणीसाठी ते ऑफिसातल्याच तीसेक जणांच्या फोनवर टाकलं होतं. त्यातल्या एका मैत्रिणीची तक्रार आली, बॅटरी दुपारपर्यंत संपते. शोधायचं काम माझ्याकडे आलं.

कारण तासाभरात सापडलं. अ‍ॅप बंद असतानाही आमचा कोड दर दोन मिनिटांनी जीपीएस जागं करत होता. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, अशा मागच्या मागे चालणाऱ्या लोकेशनची परवानगी वेगळी घ्यावी लागते. चाचणीच्या फोनांवर आम्हीच ती ‘नेहमी’वर ठेवून दिली होती. कुणाला विचारलंच नव्हतं.

नोंदींत खंड पडतो का, हे पाहायला मी एक फोन नकाशावर उघडला. नाव नव्हतं, नुसता क्रमांक. अक्षांश-रेखांश मात्र दशांशचिन्हापुढे पाच आकडे. त्यातला पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. रात्रीचे ठिपके एकाच इमारतीवर साचलेले. दिवसाचे आमच्या ऑफिसवर. आणि सलग सहा मंगळवार, अकरा ते तीन, कॅन्सर रुग्णालयाच्या आवारात.

मंगळवारी कुणाची खुर्ची रिकामी असते, ते मला ठाऊक होतं. ‘घरी थोडं काम आहे’ एवढंच ती सांगायची.

मी नकाशा बंद केला. नाव काढलं की माहिती निनावी होते, असं बैठकांमध्ये मीच सांगत आलो होतो. पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवरचा २०१३ सालचा अभ्यास मी वाचलेला होता: जागा आणि वेळ सांगणारे चार ठिपके मिळाले, तरी ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी ओळखता येतात. वाचूनही मी तेच सांगत राहिलो, याची मला लाज वाटली.

पावसाचा अंदाज द्यायला कुणाचं घर कशाला कळायला हवं? आयओएस १४ आणि अँड्रॉइड १२, दोन्हींपासून अंदाजे लोकेशन देण्याची सोय आहे. आमचं तेवढ्यात भागतं. संध्याकाळपर्यंत मी अचूक लोकेशनची मागणी कोडमधून काढली आणि प्रमुखांना सगळं सांगून जुन्या नोंदी पुसल्या, बॅकअपसकट.

बुधवारी ती आली. तिच्यापासून लपवणं मला जमेना.

“बॅटरीचं कारण सापडलं. पण ते शोधताना तुझ्या फोनच्या नोंदी मी नकाशावर पाहिल्या. आता पुसल्यात.”

ती थोडा वेळ स्क्रीनकडेच बघत राहिली.

“मंगळवारच्यासुद्धा?”

“सगळ्या.”