गृहीत आणि आगाऊ

कोर्टाच्या कागदपत्रांची मराठी भाषांतरे करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. गेल्या महिन्यात वारसाहक्काच्या एका दाव्यातले पान तपासून परत आले, तेव्हा त्यावर एकाच शब्दाखाली चार ठिकाणी पेन्सिलीची रेघ होती. शब्द होता ‘गृहीत’. मूळ इंग्रजीत तेथे अझ्यूम, प्रिझ्यूम आणि सपोज असे तीन निरनिराळे शब्द होते आणि मी तिघांनाही एकाच दावणीला बांधले होते.

अझ्यूमपुरते माझे फारसे चुकले नव्हते. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला घेणे या अर्थाचा ‘सुमेरे’ धातू आहे, आणि आपल्या ‘गृहीत’मधला ‘ग्रह्’ म्हणजेही घेणेच. इंग्रजीत पदभार अझ्यूम करतात तो याच अर्थाने. १५ ऑगस्टला गोव्यातल्या चर्चमध्ये मरियामातेला सदेह स्वर्गात नेल्याचा सण असतो, त्याचे असम्प्शन हे नावही याच धातूचे. सपोजचा प्रश्न तर शाळेतच सुटलेला आहे: बीजगणिताचे उदाहरण ‘समजा’ने सुरू होते आणि उत्तर आले की ते ‘समजा’ कोणाच्या लक्षातही राहत नाही.

खरी अडचण प्रिझ्यूमची. १८७१ साली आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराकाठच्या उजिजी गावात, बेपत्ता संशोधक लिव्हिंग्स्टनच्या शोधात निघालेल्या स्टॅन्ले या पत्रकाराने समोरच्या थकलेल्या गोऱ्या माणसाला जे विचारले (निदान त्याने नंतर तसे लिहिले, त्या भेटीची पाने त्याच्या रोजनिशीतून फाडलेली आहेत), त्यात हेच क्रियापद होते: ‘डॉक्टर लिव्हिंग्स्टन, आय प्रिझ्यूम?’ ‘आपण लिव्हिंग्स्टन आहात असे मी गृहीत धरतो’ असे मराठीत कोणी बोलणार नाही. ‘आपण डॉक्टर लिव्हिंग्स्टनच असणार’ असे म्हणेल. ‘असेल’ म्हणणाऱ्याजवळ नुसता अंदाज असतो. ‘असणार’ म्हणणाऱ्याजवळ काहीतरी खूण असते. इंग्रजीने ज्यासाठी वेगळे क्रियापद राखले, ते आपण ‘असणे’च्या एका रूपावर भागवतो.

प्रिझ्यूम म्हणजे शब्दशः आधीच घेणे. त्यामुळे अधिकार नसताना आधीच घेणारा माणूस इंग्रजीत प्रिझम्प्च्युअस ठरतो. मराठीत घरमालकाला आगाऊ रक्कम देतात आणि पाहुण्यांच्या आधी लाडवाला हात घालणारे पोरही आगाऊच असते. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता आधी घेण्याला उद्धटपणा म्हणावे, याची मला अजून गंमत वाटते.

कायद्यात मात्र आधीच घेण्याला शिस्त आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात न्यायालयाला कोठे गृहीत धरता येईल आणि कोठे धरावेच लागेल, हे वेगळे सांगितले होते. ज्या माणसाची खबर स्वाभाविकपणे ज्यांना लागली असती त्यांना ती सात वर्षे लागली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर जातो. २०२३ च्या नव्या कायद्यातही हा नियम कायम आहे. म्हणजे येथे गृहीत धरणे हा मनाचा खेळ नसून ओझे या खांद्यावरून त्या खांद्यावर देणे आहे.

मग मी पान पुन्हा लिहिले. एके ठिकाणी ‘समजा’, दुसऱ्या ठिकाणी ‘असे धरून चालल्यास’, तिसऱ्या ठिकाणी ‘असणार’ असे घातले. चौथ्या जागी वादीच्या भावाची सात वर्षे खबर नसल्याचा मजकूर होता. तेथे ‘गृहीत’च ठेवले आणि खालची पेन्सिलीची रेघ न विचारता पुसून टाकली.