लुधियाना : चार तास रिसेप्शनवर आणि सराभ्यात फक्त चाळीस मिनिटं

लुधियानाला जायचं म्हटलं की आपल्याकडे एकच प्रश्न येतो, स्वेटर आणायला का? आम्ही नांदेडचे. सचखंड एक्सप्रेसने तीनदा अमृतसर केलं आणि तिन्ही वेळा लुधियाना खिडकीतून बघितलं. बाबांचं मात्र कधीपासून चाललेलं की मला एकदा तिथं उतरायचंय. वय ७४, इतिहासाचे रिटायर्ड शिक्षक, शुगर आहे, म्हणून सोबत मी. दिवाळीनंतर निघालो.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, छान झाला. या गाडीत वाटेतल्या स्टेशनांवर लंगर मिळतो, ताट-वाटी मात्र आपली आपण न्यायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरलो, ऑटो केली आणि साडेसहाला हॉटेलात.

तिथंच अडकलो.

ॲपवरून चार रात्री बुक केल्या होत्या, ७,२०० रुपये आधीच भरलेले, कन्फर्मेशनचा मेसेज आलेला, प्रिंटसुद्धा काढलेली. रिसेप्शनवरचा मुलगा कॉम्प्युटरकडे न बघताच म्हणाला, "मॅडम, ये बुकिंग हमारे पास रिफ्लेक्ट नहीं हो रही." मी प्रिंट दाखवली. तो म्हणाला ॲपवाल्यांना फोन करा. केला. होल्डवर बावीस मिनिटं. मग एक मुलगी बोलली की आम्ही हॉटेलशी कोऑर्डिनेट करतोय, पंधरा मिनिटं द्या. पंधराची चाळीस झाली. परत फोन केला तर दुसराच माणूस, त्याला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगा, परत पंधरा मिनिटं.

मधे कधीतरी मॅनेजर आला आणि खरं काय ते बाहेर पडलं. ॲपकडून त्यांचे पैसे थकलेत म्हणून ते ॲपची बुकिंग घेतच नाहीत. "आप यहाँ कैश दे दो, उधर से रिफंड ले लेना." एका रात्रीचे २,८०० सांगितले. म्हणजे एकदा भरलेले पैसे परत भरायचे, तेही जास्त, आणि रिफंडच्या मागे नंतर आपण पळायचं. त्यांचा आपसातला हिशेब असेल काहीही, तो माझ्या म्हाताऱ्या बापाच्या डोक्यावर का? काउंटरच्या मागे चाव्यांचा लाकडी बोर्ड होता, त्यावर अकरा चाव्या लटकत होत्या. मी मोजल्या, दोनदा मोजल्या. अकरा खोल्या रिकाम्या आणि बाबा समोरच्या सोफ्यावर मफलर गुंडाळून, इन्सुलिनचा पाऊच मांडीवर धरून बसलेले. इंजेक्शन घेतलं की जेवायला लागतं आणि जेवण कुठं कधी मिळणार ते माहीत नाही, म्हणून घ्यायचं थांबलेले. मी बिस्किटं दिली, त्यांनी दोन खाल्ली आणि म्हणाले, तू चिडू नको. मला त्याचाच जास्त राग आला.

तेवढ्यात बहिणीचा नांदेडहून फोन आला, ती म्हणाली १९१५ लाव. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, फुकट आहे, सगळ्यांनी नंबर सेव्ह करून ठेवा. पण रात्री आठला बंद होते, मी पावणेआठला लावला म्हणून लागला. कंपनीचं नाव, बुकिंग नंबर, किती पैसे, तुम्हाला नेमकं काय हवंय हे विचारतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा, मी तिथं अडखळले. तक्रारीचा नंबर मेसेजवर येतो. त्यांनी काही तिथल्या तिथं खोली मिळवून दिली नाही, तसं ते करतही नाहीत. पण तो नंबर हातात आल्यावर ॲपवाल्यांशी बोलायला जोर आला. मी सांगितलं, हा माझा तक्रार नंबर, आता एकतर सुपरवायझर द्या नाहीतर बुकिंग नाकारली असं मला लेखी ईमेल करा. लेखी म्हटल्यावर लगेच आवाज बदलला. मॅनेजरलाही तेच म्हटलं, तुम्ही खोली देत नाही असं लेटरहेडवर लिहून द्या. त्याने दिलं नाही, पण पहिल्यांदा स्वतः ॲपवाल्यांशी फोनवर बोलला. पावणेदहाला सुपरवायझरचा फोन आला, दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉटेलात एका रात्रीचं करून दिलं, बाकी तीन रात्रींचा रिफंड. खोलीत पाय ठेवला तेव्हा अकराला दहा कमी होते.

हेल्पलाइनचा नंबर ऐकून बाबा अंधारात ऑटोत एकदम म्हणाले, "१९१५? अगं, पिंगळ्यांचं साल." तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, नुसतं हं म्हटलं. पिंगळे कोण ते पुढे सराभ्याला येतं.

दुसऱ्या दिवशी बाबांचं अंग तापलं, शुगर वर. डॉक्टर, औषध, झोप. शहर बघायचा दिवस होता, गेला. उरलेल्या तीन रात्री आम्ही त्याच नव्या हॉटेलात काउंटरवर पैसे देऊन राहिलो.

तिसऱ्या दिवशी टॅक्सीने माछीवाडा आणि आलमगीर केलं, हे दोन्ही नांदेडकरांनी बघायलाच पाहिजे. १७०४ च्या डिसेंबरात चमकौरच्या लढाईत गुरु गोबिंदसिंगजींचे दोन मोठे साहिबजादे, म्हणजे मुलगे, गेले आणि गुरुजी एकटे माछीवाड्याच्या जंगलात आले. आता जंगल नाही, गाव आहे, चरणकंवल साहिब गुरुद्वारा आहे. तिथून गनी खान आणि नबी खान या दोन पठाणांनी गुरुजींना निळे कपडे घालायला देऊन, हे उच्च गावचे पीर (मुसलमान संत) आहेत असं सांगून मोगल फौजेतून बाहेर काढलं. आलमगीरपर्यंत मंजीवर आणलं, पुढे घोडा मिळाला, म्हणून त्या गुरुद्वाऱ्याचं नाव मंजी साहिब. मंजी म्हणजे आपली बाज. तोच प्रवास पुढे १७०८ मध्ये आमच्या गोदावरीकाठी येऊन थांबला. मी जन्मभर नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या कमानीखालून शाळेत गेले, पण हे सगळं चालत कुठून आलं ते इथं पायाला कळलं. हो, तिकडे नांदेड म्हणू नका, हजूर साहिबहून आलो म्हणा. टॅक्सीवाले सरदारजी ऐकल्याबरोबर गाडी बाजूला घेऊन बाबांच्या पाया पडले. डोक्याला रुमाल जवळ ठेवा.

चौथ्या दिवशी बाकी सगळं कोंबावं लागलं. लोधी किल्ल्यात पडक्या भिंतीच उरल्यात, पण शहराचं नाव लोधींवरूनच पडलं म्हणून बाबांना जायचंच होतं. कृषी विद्यापीठातलं जुन्या पंजाबी घराचं म्युझियम सुंदर, फुलकारी आणि चरखे बघत आई आठवली. तिथं वेळ द्या, आम्ही पळत बघितलं. मग घंटाघराजवळ चौडा बाजार आणि आतल्या गल्ल्यांत नौघरा मोहल्ला, जिथं १५ मे १९०७ ला सुखदेव जन्मले. ऑटो आत जात नाही, बाहेर सोडून विचारत विचारत जायचं. बाबा त्या घरासमोर उभे राहून मोठ्याने म्हणाले, भगतसिंग, सुखदेव, राजगुरू. शाळेत आम्ही एका दमात म्हणायचो तसं. आपले राजगुरू खेडचे आणि हे या गल्लीतले, २३ मार्च १९३१ ला लाहोरात तिघं एकत्र.

सराभा गावाला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. शहरापासून पंचवीसेक किलोमीटर आहे, ट्रॅफिकमुळे आम्हाला दीड तास लागला. कर्तारसिंग सराभा, इंग्रजांविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या गदर पक्षाचा पोरगा, १९ वर्षांचा असताना १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात फाशी गेला. त्या दिवशी सात जणांना फाशी झाली, त्यातले एक विष्णू गणेश पिंगळे, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे. दोघंही अमेरिकेतून उठाव करायला परत आलेले. कर्तारसिंगांचं घर जपून ठेवलंय. बाबा आत फिरले, भिंतीला हात लावला, ओसरीवर बसले. एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना बाबांनी आपल्या मोडक्या हिंदीत पिंगळ्यांचं सांगितलं, ते म्हणाले, "पता है जी, पिंगले." बाबांचे डोळे भरून आले. मग दोघं बोलत बसले आणि मी घड्याळ बघत होते, कारण टॅक्सी सातला सोडायची होती आणि सकाळी परतीची गाडी. चाळीस मिनिटं. इथं आख्खी दुपार काढायची होती.

रिफंड अकराव्या दिवशी आला, मेसेजवरचा तक्रार नंबर देऊन दोनदा विचारल्यावर. तोपर्यंत एकही स्क्रीनशॉट डिलीट करू नका. आणि बुक केल्यावर निघायच्या आदल्या दिवशी थेट हॉटेलला फोन करून नाव दिसतंय का विचारा, मी ते केलं नव्हतं. येत्या १६ नोव्हेंबरला बाबांना घेऊन परत जायचंय, यावेळी आधी सराभा आणि मग बाकी.