लातूरच्या पाण्यात हांगचौचा चहा

आमच्या घरी चहा म्हणजे आलं ठेचून, साखर सढळ टाकून, दोन उकळ्या आल्याशिवाय गॅसवरून न उतरणारी वस्तू. तिथं मी काचेच्या ग्लासात पानं टाकून नुसतं गरम पाणी ओततो. अण्णा पेपर बाजूला करून विचारतात, "आजबी गवताचं पाणी पिऊलालास का बे?"

पिऊलालो. आणि बिनसाखरेचं.

हे गवत म्हणजे लाँगजिंग. चीनमधल्या हांगचौ शहराच्या पश्चिम सरोवरालगतच्या टेकड्यांवरचा हिरवा चहा. कोवळे शेंडे खुडायचे, जरा सुकू द्यायचे आणि तापलेल्या लोखंडी कढईत हातानं दाबत दाबत भाजायचे. आचेमुळं पान काळं पडायचं थांबतं, दाबल्यामुळं चपटं होतं. जपानी लोक हेच काम वाफेवर करतात. कढईतल्या भाजणीमुळं लाँगजिंगला फुटाण्यासारखा खरपूस वास येतो, मला तर त्यासाठीच तो आवडतो. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग हा त्यांचा पितरांचा सण असतो. त्याआधी खुडलेला माल सगळ्यात महाग. माझा अर्थातच नंतरचा.

पण खरी गंमत पानात नाही, पाण्यात आहे. दुधाच्या चहात पाण्याचे दोष खपून जातात. आलं, साखर, दूध सगळं पोटात घालतात. या चहात लपायला जागाच नाही. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरे थर बसतात. त्यात लाँगजिंग टाकला की वर चकचकीत तवंग धरतो, रंग मळकट होतो आणि चव बसते. नुसतं आरओचं घ्यावं तर रंग सुरेख, पण चव पोकळ. म्हणून मी जारच्या पाण्यात थोडं मांजरा धरणाचं, म्हणजे नळाचं, मिसळतो. तेही नळाला पाणी सोडलं तर.

आठव्या शतकात लू यू नावाच्या चिनी माणसानं चहावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यात पाण्याची प्रतवारी आहे: डोंगरातलं उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं कनिष्ठ. विहिरीचंच घ्यायची वेळ आली तर जिचा उपसा जास्त तिचं घ्या, असंही तो सांगतो. बोअर त्याच्या काळी नव्हते, नाहीतर त्यानं आणखी खालची पायरी काढली असती. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. ते कृष्णेचं होतं, म्हणजे लू यूच्या हिशेबानं मध्यम. तेव्हा प्रत विचारायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं म्हणा! हांगचौवाल्यांची चैन बघा, ते लाँगजिंगसाठी गावालगतच्या हूपाओ झऱ्याचं पाणी वाखाणतात.

करून बघणार असाल तर एवढंच सांभाळा, उकळतं पाणी ओतू नका. पान शिजतं आणि कडू होतं. साधारण 80 अंश पुरे. उकळी आली की गॅस बंद करून झाकण काढा आणि पाच-सात मिनिटं थांबा. ग्लासाला 3 ग्रॅम पानं. आधी ती वर तरंगतात, मग पाणी पिऊन जड झाली की एकेक करत खाली उतरतात, काही तर देठावर उभी राहतात. तळाशी तिसरा हिस्सा उरला की पुन्हा गरम पाणी घालायचं, ग्लास कोरडा करायचा नाही. दुसऱ्या पाण्याची चव मला पहिल्यापेक्षा गोड लागते. तिसऱ्याला वास कमी होतो, तरी मी पितो. एवढ्या महागाच्या पानांचं एकाच पाण्यात भागवणं जिवावर येतं.

चीनमध्ये पुढं पुढं चहाचे शौकीन पावसाचं पाणीसुद्धा धरून ठेवू लागले. ते मात्र आपल्याला जमण्यासारखं आहे. मृगाच्या पहिल्या सरींनी गच्ची धुऊन निघाली की स्टीलचं पातेलं मांडायचं ठरवलंय. हे कानावर गेल्यापासून आई म्हणते, "मांडूलालासच तर घागरीबी मांड, धुण्याला होईल."