आमची वाटचाल : रेडिओ दुरुस्तीपासून रेडिओ चालवण्यापर्यंत

नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबर दोनच्या गल्लीत बाबांनी १९७८ मध्ये दुकान टाकलं, दुकान म्हणजे एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न आणि मागे मर्फी-बुश-फिलिप्सच्या सेटांची रांग. सेट सुधरला की बाबा काटा ५८५ वर नेऊन आकाशवाणी नागपूर लावायचे, आवाज स्वच्छ आला की मगच गिऱ्हाईकाला फोन.

टेपरेकॉर्डर आले, गेले, सीडी आल्या, गेल्या. मी लागलो तेव्हा दुकानांच्या जाहिराती, रिक्षावर फिरणाऱ्या भोंग्याची अनाउन्समेंट असं रेकॉर्डिंगचं काम सुरू केलं आणि हळूहळू लोकांना इंटरनेट रेडिओ, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचं स्वतःचं स्टेशन, लावून द्यायला लागलो.

२०१८ मध्ये बाबा गेले. दुकान बाबांच्या एकट्याच्या नावावर, करंट अकाऊंट लगेच थांबलं, जीएसटी नंबर त्यांच्या पॅनवर म्हणून मला नवीन काढावा लागला, भाडेकरार पण त्यांचाच. चार महिने माझे यातच गेले, गिऱ्हाईकं बाहेर उभी आणि मी कागद गोळा करून राहिलो होतो.

पण खरी शिकवण मिळाली ती नागपूरच्याच महाल भागातल्या काकांमुळे. रिटायर झाल्यावर ते गावोगावी फिरून भजनी मंडळांची तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं रेकॉर्ड करायचे आणि घरच्या कॉम्प्युटरवरून चोवीस तास इंटरनेट रेडिओवर लावायचे. सेटअप आमचाच. ऐकणारे जास्त नव्हते पण पक्के होते, मोर्शीहून, वर्ध्याहून, कोणी दुबईहून. एका डिसेंबरात काका गेले आणि स्टेशन मात्र चालूच राहिलं, कारण मशीनला काय माहीत, रोज सकाळी साडेपाचला त्यांचाच आवाज, "जय गुरु, उठा मंडळी." काकूंनी कॉम्प्युटरला कोणाला हात लावू दिला नाही. तेरावीनंतर मुलानं काकांचं सिम बंद केलं, त्याला वाटलं उगाच रिचार्ज कशाला, आणि पुढच्याच महिन्यात डोमेनची, म्हणजे स्टेशनच्या इंटरनेटवरच्या नावाची, मुदत संपली तेव्हा लॉगिनचा ओटीपी जाणार त्याच बंद नंबरवर. १९ जानेवारीला स्टेशन बंद झालं. काकूंनी मला फोन करून फक्त विचारलं, "बाळा, त्यायचा आवाज का येऊन नाही राहिला?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून मी हा विषय वाचतोय. अमेरिकेत एकट्या माणसाच्या नावावर खरंखुरं एएम-एफएम स्टेशन असू शकतं, तो गेला तर ३० दिवसांत तिथल्या एफसीसीकडे, म्हणजे रेडिओचं लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, वारसाच्या किंवा इस्टेट सांभाळणाऱ्याच्या नावे लायसन्स करायचा अर्ज द्यावा लागतो, आणि स्टेशन सलग १२ महिने मुकं राहिलं तर लायसन्स आपोआप जातं. म्हणजे घरचे दुःखातून सावरेपर्यंत घड्याळ चालूच असतं. आपल्याकडे एकट्या माणसाला लायसन्स मिळतच नाही, खाजगी एफएम कंपन्यांचं आणि कम्युनिटी रेडिओ, म्हणजे आसपासच्या भागापुरता छोटा रेडिओ, शाळा-कॉलेज, संस्था, कृषी विज्ञान केंद्र यांचा. मला आधी हा नियम जाचक वाटायचा, आता वाटत नाही, माणूस गेला तरी संस्था उरते. पण इंटरनेट रेडिओवर असं कोणीच मागे नसतं, तो सगळा एका माणसाच्या डोक्यात आणि एका मोबाईलमध्ये.

म्हणून आता आमच्याकडे नवीन रेडिओ लावायचा असेल तर मी आधी दोन नावं मागतो. डोमेन, सर्व्हर, ईमेल सगळ्याला दुसरा नंबर, पासवर्ड एका वहीत, वही घरच्यांच्या समोर सीलबंद पाकिटात, आणि मूळ रेकॉर्डिंगची एक हार्ड डिस्क दुसऱ्या घरी. काही गिऱ्हाईकं म्हणतात अशुभ बोलू नका, दोन जण त्यावरून परत पण गेले. मी ऐकत नाही. दुकानाचं पण तेच केलं, बायको आता पार्टनर आहे, बँकेत सही दोघांची.

काकांची हार्ड डिस्क काकूंनी आम्हाला दिली. अकराशेच्या वर फाइल्स, काहींवर फक्त तारीख, गावाचं नाव नाही, त्या काकू ऐकून ओळखतात, "हे सावनेरकडचे, यायचा ढोलकीवाला डावखुरा." आम्ही लिहून घेतो. जुनं नाव परत मिळालं नाही म्हणून नवीन नावानं स्टेशन सुरू केलं, सध्या पहाटे साडेपाच ते रात्री दहा, सुरुवातीला काकांचं "उठा मंडळी" तसंच ठेवलंय. रात्रीचं दिवाळीनंतर बघू, तोवर सर्व्हरचं बिल कसं बसतं ते कळेल.