रेडिओवर इशारा देताना: सेकंड मेटच्या तोंडी परीक्षेचा माझा अनुभव

सेकंड मेट म्हणजे व्यापारी जहाजावरचा अधिकारी. त्याच्या तोंडी परीक्षेत मला नियमांची फारशी भीती नव्हती. जहाजांची टक्कर टाळण्याचे नियम घोकून झाले होते. धाकधूक होती ती ‘रेडिओवर बोलून दाखवा’ या प्रकाराची. शाळेत आम्ही औपचारिक इंग्रजी शिकलो ते अर्जातलं: ‘काइंडली’, ‘मे आय’, ‘यू शुड’. जितकं अदबीचं, तितकं लांब. समुद्रावर याच्या उलट आहे. तिथलं औपचारिक इंग्रजी अगदी तुटक.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये जहाजांसाठी ठरावीक वाक्यांचा एक संच मंजूर केला. आम्ही त्याला एसएमसीपी म्हणतो. त्यात ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ टाळायला सांगितलं आहे. ‘यू कुड बी रनिंग इनटू डेंजर’ असं म्हणायचं नाही, ‘वॉर्निंग. यू आर रनिंग इनटू डेंजर’ म्हणायचं. ऐकणारा कोरियन असेल, ग्रीक असेल, त्यात रेडिओची खरखर. त्याने ‘कुड’चा अर्थ लावत बसावं एवढी सवड नसते. आकडेसुद्धा सुटे बोलायचे: 150 म्हणजे ‘वन फाइव्ह झीरो’.

बेलापूरच्या खोलीवर आम्ही तिघं रोज संध्याकाळी सराव करायचो. एकजण जहाज, दुसरा बंदराचं नियंत्रण केंद्र, तिसरा चुका काढणारा. शेवटी ‘वॉर्निंग. हॉट टी ऑन युअर पोर्ट साइड’ (तुझ्या डाव्या बाजूला गरम चहा) इथपर्यंत मजल गेली, पण जीभ वळली ती त्यामुळेच. पुस्तक मनात वाचून हे येत नाही.

डेकवरची तऱ्हा वेगळी. कॅडेट असताना जहाज धक्क्याला बांधायच्या वेळी मी पुढच्या टोकाला उभा असायचो. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दापोलीकडचा. दोर ताणला की त्याची एकच आरोळी: ‘स्टँड क्लिअर!’ ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा मागे येतो आणि माणसाचा पाय घेऊन जातो. तिथे ‘वॉर्निंग’ म्हणून वाक्य सुरू करणारा वेडाच. फिलिपिनो खलाशी दारातून जाताना हळूच ‘माइंड युअर हेड, सर’ म्हणायचे, बोसन मला मात्र मराठीत हाणायचा: ‘मागे हो रे, बाळा!’

या दोन्हींत खरा फरक मला सरावात उमगला. डेकवर काय करायचं ते सांगतात, कारण तिथे बोसनचा हुकूम चालतो. रेडिओवर ‘वॉर्निंग’ म्हटलं की फक्त धोका सांगायचा. काय करायचं ते समोरचा कॅप्टन ठरवणार. ‘इन्स्ट्रक्शन’ म्हणायचं तर तेवढा अधिकार हवा, आणि एका जहाजाला दुसऱ्यावर तो सहसा नसतोच.

परीक्षेत नेमकं हेच आलं. मे 2025 मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा 3 बुडून कंटेनर किनाऱ्याला लागले होते, त्यामुळे प्रश्न अपेक्षितच होता. परीक्षक म्हणाले, ‘तुम्हाला तरंगते कंटेनर दिसले. बोला.’ आधी चॅनल 70 वर डिजिटल सूचना पाठवेन असं सांगितलं, मग चॅनल 16 वरचं बोलून दाखवलं: ‘सेक्युरिते’ (सुरक्षेच्या संदेशाची खूण) तीनदा, ‘ऑल शिप्स’ तीनदा, जहाजाचं नाव, मग ‘वॉर्निंग. फ्लोटिंग कंटेनर्स, बेअरिंग टू सेव्हन झीरो डिग्रीज फ्रॉम रत्नागिरी लाइटहाउस, डिस्टन्स वन टू माइल्स.’ शेवटी ‘अ‍ॅडव्हाइस. नॅव्हिगेट विथ कॉशन.’

‘इन्स्ट्रक्शन का नाही?’

‘सर, मला तो अधिकार नाही.’

मग त्यांनी फासा टाकला. ‘समोरचं जहाज वाट देत नाहीये. रेडिओवर काय म्हणाल?’

‘सर, आधी भोंगा. टक्कर टाळण्याच्या नियम 34 प्रमाणे निदान पाच छोटे, झटपट.’ रेडिओवर उत्तर नेमकं कोणत्या जहाजाने दिलं याची खात्री नसते, विशेषतः रात्री, आणि बोलण्यात वेळ जातो तो वेगळाच. मला तर वाटतं, भोंग्याइतकं स्पष्ट इंग्रजी आमच्याकडे दुसरं नाही. हे मात्र त्यांना बोललो नाही.

त्यांनी मान हलवली आणि गाडी स्टॅबिलिटीकडे, म्हणजे जहाजाच्या समतोलाकडे, वळवली. तिथे मात्र त्यांनी माझा चांगलाच घाम काढला.